वर लावायचा फोटो

धाकटीच्या हातात काही नवीन दिसलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे आजचं नाही, आम्ही परकर नेसत होतो तेव्हापासूनचं आहे. लोक म्हणतात, सख्ख्या बहिणीवर कुणी जळतं होय? असं म्हणणाऱ्यांना एक तर बहीण नसते, नाहीतर ते स्वतः धाकटे असतात.

त्या वर्षी पंचमीला मी माहेरी गेले होते. माहेर जयसिंगपूरला. वडील, म्हणजे आमचे अप्पा, जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात अव्वा एकटी. आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या घरात चारचौघांत मराठी चालायचं, आणि दमल्यावर, चिडल्यावर नाहीतर अगदी निवांत झाल्यावर तोंडात आपोआप कानडी यायचं. धाकटी अव्वापासून दोन गल्ल्या सोडून दिलेली, तिच्या सासरचं भुसारीचं मोठं दुकान. मी कोल्हापुरात, नवऱ्याचं उद्यमनगरात एक लेथ मशीन. म्हणजे अव्वाला ताप आला की धाकटी पेज घेऊन लगेच पोचणार, आणि मी दुसऱ्या दिवशी एसटीनं संत्री घेऊन. तापात संत्री कोण खातं?

तर पंचमीच्या दुपारी दिंडं खाऊन आम्ही सगळ्या बाहेरच्या सोप्यात पसरलो होतो. शेजारच्या दोघी-तिघी पण येऊन बसलेल्या. धाकटीनं पर्समधून एक चंदेरी डबी काढली. मला वाटलं पावडरची असेल. तिनं बटण दाबलं तर डबीतनं एक नळी बाहेर आली आणि मागच्या एवढ्याशा काचेत आमचा अख्खा सोपा दिसायला लागला. त्यात मी, तोंडात सुपारी, पाय पसरलेले.

"डिजिटल हाय," धाकटी म्हणाली. "ह्यांनी पुण्यासनं आणला. रीळ न्हाय, धुवायला टाकायचं न्हाय. किती बी काढा."

झालं. सगळ्या बायका उठून तिच्याभोवती. अगं बया, लगेच दिसतंय! माझा काढ की. पुसता बी येतंय? धाकटी मधोमध उभी, जत्रेतल्या पाळणेवाल्यासारखी, कुणाला आधी बसवू नि कुणाला मागनं. मी सुपारी चावत बसले होते तिथंच बसून राहिले.

"अक्का, जरा सरक की," ती म्हणाली. "तुझ्यानं उजेड अडतोय."

माझ्यानं उजेड अडतोय! जन्मभर हिच्या उजेडात मीच अंधारात बसले, आणि आता अडवते पण मीच. पण चार बायकांसमोर काय बोलणार? सरकले.

फोटोच्या बाबतीत माझं नशीबच फुटकं. माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या एका मित्रानं हौसेनं कॅमेरा आणला होता. दिवसभर तो 'हसा, हसा' करत मांडवात नाचला. नंतर रीळ धुवायला टाकलं तेव्हा कळलं, रीळ आतल्या चाकाला अडकलंच नव्हतं. एकसुद्धा फोटो पुढं सरकला नव्हता. सगळं कोरं. पाठवणीच्या वेळी अव्वा माझ्याकडं कशी बघत होती हे या जगात कुठंच नाही. मी तर खाली मान घालून रडत होते, मला काय दिसणार? पुढं धाकटीच्या लग्नात मात्र दोन फोटोवाले आणि वर व्हिडिओ शूटिंग. तिच्या अल्बममध्ये अव्वा पानापानाला तिच्याकडं बघते. ओटी भरताना बघते, घास भरवताना बघते, गाडीच्या काचेतनं आत वाकून बघते. मी तिच्या घरी गेले की तो अल्बम कुणीतरी हमखास माझ्या मांडीवर आणून ठेवतं.

अव्वा भिंतीला टेकून हा सगळा गोंधळ बघत होती. तिच्या डोक्यावर अप्पांचा फोटो. तो फोटो म्हणजे आमच्या घरातली कायमची चेष्टा. अप्पा अचानक गेले आणि घरात त्यांचा एकट्याचा फोटोच सापडेना. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातनं त्यांना कापून मोठं केलं. स्टुडिओवाल्यानं आजूबाजूची माणसं पुसली, पण अप्पांच्या खांद्यावरचा एक हात तसाच राहिला. चार बोटं आणि त्यातल्या एकात अंगठी. कुणाचा हात ते आजवर कळलेलं नाही. हार घालताना अव्वा तो बरोबर त्या बोटांवरनं सोडायची, म्हणजे झाकली जायची.

"माझा बी एक काढून ठेवा," अव्वा म्हणाली. "वर लावायला. परक्याचा हात खांद्यावर घिऊन मी भिंतीवर बसायची न्हाय."

बायका हसल्या. आमच्याकडं 'वर लावायचा फोटो' म्हटलं की सगळ्यांना कळतं आणि कुणी डोळ्याला पदर लावत नाही. शेवटचं लुगडं जसं ट्रंकेत बाजूला काढून ठेवतात, तसाच तो फोटो. म्हाताऱ्या माणसाची एक तयारी.

मला लागलं ते वेगळंच. 'काढून ठेवा' असं ती म्हणाली खरी, पण म्हणताना बघत होती धाकटीकडं. अहो, थोरली मी! वर काय लावायचं, खाली काय ठेवायचं, हे थोरलीला सांगायचं असतं. मी तिथं हाताच्या अंतरावर बसलेली.

अव्वा आत जाऊन इरकल नेसून आली. कपाळाला विभूती, पदर डोक्यावरनं गच्च, दोन्ही हात गुडघ्यांवर. खुर्चीवर बसली आणि समोर जप्तीला आलेल्या माणसाकडं बघावं तशी बघायला लागली. धाकटी फोटो काढायला लागली. काढताना तिच्या जिभेचं टोक बाहेर. ही तिची लहानपणापासूनची खोड. गणित सोडवताना, रांगोळीचे ठिपके जोडताना, सुईत दोरा ओवताना, मन लागलं की जीभ बाहेर. "जीभ आत घे, माशी बसंल," असं अव्वा तिला रोज म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली, खुर्चीत ताठ बसूनच, ओठ न हलवता.

धाकटीनं बरेच काढले. सगळे एकासारखे एक. "बघ अव्वा, कसली ठसठशीत आलीयास."

अव्वानं चष्मा वर करून बघितलं. "बरं हाय की."

कॅमेरा माझ्याकडं आला. मी बघितलं आणि मला राहवेना. "ही कोण बाई? गावची पोलीस पाटलीण दिसतीया. अव्वा कुठं हाय ह्यात?"

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. "मग तू काढ की चांगला."

"काढतेच!"

माझ्याकडं कॅमेराच नाही, हे मला परतीच्या एसटीत बसल्यावर आठवलं.

नवरा लेथवरनं येऊन मोरीत रॉकेलनं हात धुवत होता. मी म्हटलं, "कॅमेरा घ्यायचाय."

"कशाला?"

"अव्वाचा फोटो काढायला. वर लावायचा."

"स्टुडिओ ओस पडलेत व्हय कोल्हापुरातले? न्या म्हातारीला, बसवा, काढा."

"स्टुडिओवाल्यानं न्हाय काढायचा. मी काढायचाय."

त्यानं वळून माझ्या तोंडाकडं बघितलं. "धाकटीनं घेतला वाटतं," तो म्हणाला आणि परत हात चोळायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाला आपलं सगळं कळायला लागतं, आणि ते काही बरं नसतं.

रविवारी आम्ही राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार तोंडानं तिखट, पण बसायला स्टूल देणारा. "या पावणं, बसा वहिनी. कसला दाखवू?"

"स्वस्तातला," नवरा म्हणाला.

दुकानदारानं काचेच्या कपाटातनं तीन-चार डब्या काढल्या आणि झूम, फ्लॅश, व्हिडिओ असं काय काय सांगायला लागला. मला त्यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. मला एकच विचारायचं होतं. "पाचापेक्षा जास्त कशात हाय?"

"पाच म्हंजे?"

"मेगापिक्सल." धाकटी पंचमीला जाता-जाता 'पाच मेगापिक्सलचा हाय' असं टाकून गेली होती. मेगापिक्सल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. पण पाच म्हणजे पाच.

"मग ह्यो घ्या की. सहाचा हाय."

"बांधा."

"अगं, निदान चालू तरी करून बघ," नवरा म्हणाला.

"जयसिंगपुरात पाच, कोल्हापुरात सहा. आणि काय बघायचंय?"

दुकानदार हसला. त्यानं पेन्सिल सेल घातले, मनगटात अडकवायची दोरी लावली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. घरी येईपर्यंत मी तो पिशवीत ठेवला नाही. रस्त्यानं जाताना मनगटाला लोंबकळत ठेवला, दिसायला.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे नवऱ्याला उठवून गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेलं. तिथं म्हशी ओळीनं उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. म्हटलं, झकास फोटो येईल. नवऱ्यानं ग्लास तोंडाला लावला. मी बटण दाबलं. टुक वाजलं. मी काचेत बघितलं तर रिकामा ग्लास आणि बाहीनं मिशा पुसणारा नवरा. म्हटलं, दूध भरभर प्यालास. परत घे. परत तेच. म्हैस माझ्याकडं इतकी छान बघत होती, तिचा काढायला गेले तर नुसती शेपूट आली. तिथनं रंकाळ्यावर गेलो. काठाला एक बगळा एका पायावर उभा. टुक. फोटोत पाणी, पाण्यावर गोल गोल लाटा, आणि बगळा गेलेला.

"पावणा झकास निवडलायस," नवरा म्हणाला. "लग्नाला बोलावला तर वरात गेल्यावर येणारा हाय ह्यो."

मी तशीच पाय आपटत दुकान उघडायच्या वेळेला दुकानात. दुकानदारानं कॅमेरा हातात घेतला, माझाच एक फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आले. तो म्हणाला, "वहिनी, टुक वाजलं म्हंजे फोटो निघाला न्हवं. टुक म्हंजे त्यानं नुसतं बघितलं. फोटो त्यो मागनं काढतोय, जरा दम खाऊन. टुक झाल्यावर समोरच्यानं हलायचं न्हाय, एवढंच ध्यानात ठेवा."

"आणि पाचवाल्यात? त्यात लगेच निघतोय की."

"त्ये कॅमेऱ्या-कॅमेऱ्यावर असतंय. भारीतला असंल त्यो."

भारीतला असंल! मी तिथं उभी जळले. सहाचा घेऊन पण मागंच. म्हटलं, देवानं धाकटीला काय काय म्हणून द्यावं? रूप दिलं, दुकान दिलं, दोन गल्ल्यांवर आई दिली, आणि आता कॅमेरासुद्धा लगेच निघणारा. मला मात्र दम खाणारा.

दसऱ्याच्या आधी एक दिवस काढून मी जयसिंगपूर गाठलं. धाकटीला मुद्दाम कळवलं नव्हतं. पण जयसिंगपूर ते! स्टँडवर मला कुणीतरी बघितलं असणार. मी अव्वाकडं जाऊन पाणी पितेय न पितेय, तोवर ही दारात.

"बघू, बघू," म्हणत तिनं माझा कॅमेरा घेतला आणि हातावर तोलला. "जड हाय गं."

"सेल असत्यात त्यात."

"असं व्हय. माझा चार्ज हुतोय."

"सहाचा हाय," मी म्हटलं. तिनं कॅमेरा लगेच परत दिला. तेवढंच बरं वाटलं.

अव्वाला म्हटलं, ऊठ, इरकल नेस, फोटो काढायचाय. अव्वा म्हणाली, "धाकटीनं काढलाय की. परत कशाला?"

"माझ्या हातचा असू दे की एक."

ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि उठली.

परसात शेवग्याखाली खुर्ची मांडली. ऊन कललेलं होतं. अव्वा बसली आणि परत पोलीस पाटलीण झाली. त्यात धाकटीची लुडबूड. पदर नीट कर, खुर्ची वळव, अक्का तू उन्हाकडं पाठ कर. "अव्वा, चष्मा काढ, चमकतोय," म्हणत तिनं अव्वाचा चष्मा काढून घेतला आणि तो हातात धरून माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. मी दातओठ खाऊन सगळं ऐकलं, कारण सांगत होती ते बरोबर होतं.

टुक. "हलू नको," मी ओरडले. अव्वानं श्वास धरला. फोटो आला तो दगडात कोरल्यासारखा. परत टुक. हलू नको. परत दगड. मी बाजूनं काढला, खाली बसून काढला. प्रत्येक वेळी 'हलू नको'. अव्वाच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

धाकटीनं वाकून माझ्या काचेत बघितलं. "माझ्यागतच आलेत की," ती म्हणाली.

बोलण्यात काही खोच नव्हती, खरंच नव्हती. पण मला वाटलं कॅमेरा उचलून न्हाणीच्या दगडावर आपटावा. एवढं करून काय, तर तिच्यागत.

धाकटी परत आपल्या जागी गेली. अव्वाच्या चष्म्याची काडी लुळी पडली होती, स्क्रू ढिला झालेला. हिनं बांगडीतली सेफ्टीपिन काढली, मान खाली घातली आणि पिनेच्या टोकानं तो एवढासा स्क्रू फिरवायला लागली. तिला ना माझं भान ना फोटोचं.

"एकच. शेवटचा," मी म्हटलं. बटण दाबलं. टुक वाजलं. आणि रागाच्या भरात मी 'हलू नको' म्हणायचं विसरले.

अव्वाला वाटलं, झालं. तिचे खांदे खाली आले. पदर जरा मागं सरकला. "आतेन?" ती म्हणाली. म्हणजे, झालं का? इतका वेळ मराठीत ताठ बसलेली म्हातारी एकदम कानडीत सैल झाली. तिची नजर हलली, आणि कॅमेऱ्यानं दम खाऊन तेव्हा फोटो काढला.

मी काचेत बघितलं. ती अव्वा होती. आमची अव्वा. 'आतेन'मुळं ओठ जरासे उघडे, त्यात पडलेल्या दाताची फट, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं, आणि हसू असं, की ते हसू आहे हे तिलाही माहीत नसावं. भूक लागलेलं पोर पोटभर जेवताना आई बघते ना, तसं.

आला! असं मी ओरडणारच होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की ती माझ्याकडं बघत नाहीये.

मी मान वर केली. अव्वा अजून तशीच बघत होती, माझ्या डाव्या हाताला. तिथं धाकटी. मान खाली, सेफ्टीपिन स्क्रूत, जिभेचं टोक बाहेर. एवढी मोठी बाई, पोरं कॉलेजला गेलेली, आणि रांगोळीचे ठिपके जोडत बसलेल्या पोरीसारखी तिथं उभी. त्या दिवशी अव्वा 'जीभ आत घे' म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. धाकटीला काही पत्ता नव्हता.

माझ्या लग्नात रीळ अडकलं नाही म्हणून मला फोटो नाही, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत होते. आता रीळ लागत नव्हतं. कॅमेरा माझा होता, हात माझा होता, सहा मेगापिक्सल माझे होते. तरी अव्वा बघते ती तिच्याकडंच.

"आला का?" धाकटीनं चष्मा अव्वाला दिला आणि येऊन वाकली. बघितलं. आणि तिचं तोंड उतरलं. ते तोंड मी लगेच ओळखलं, तसलं तोंड मी आरशात कितीदा बघितलंय.

"चांगला आलाय," ती म्हणाली, आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

कोल्हापुरात महाद्वार रोडला एका स्टुडिओत मी तो फोटो मोठा करायला दिला. पोटमाळ्यावर कॉम्प्युटर, समोर चहाचा ग्लास ठेवलेला. स्टुडिओवाल्यानं फोटो पडद्यावर मोठा केला आणि मान डोलवली. "आई न्हवं तुमच्या? एक नंबर आलाय. नुसती नजर जरा बाजूला गेलीया. सरळ करू?"

"नजर सरळ करता येती?"

"काय बी करता येतंय वहिनी. आम्ही अख्खा माणूस पुसतोय, डोळं सरकवायला काय लागतंय?"

मी म्हटलं, करा.

त्यानं काहीतरी खुडबुड केली. आधी एक डोळा सरकला, मग दुसरा. आणि अव्वा माझ्याकडं बघायला लागली. थेट. पाठवणीला बघितलं असेल तसं, माझ्या एकटीकडं. त्या माणसाचा चहा निवून गेला तरी मी बघत बसले. मी मान डावीकडं केली, ती माझ्याकडंच. उजवीकडं केली, तरी माझ्याकडंच.

पण हसू कुणाचं आणि डोळे कुणाचे, असं ते दिसायला लागलं. ओठ धाकटीसाठी हसत होते आणि डोळे मला चिकटवलेले. अप्पांच्या खांद्यावर तो कुणाचा तरी हात राहिलाय ना, तसंच हे. मला ते बघवेना.

"राहू द्या," मी म्हटलं. "होतं तसं करा."

"बघा हं. लोकं इचारतील, आजी कुणाकडं बघतीया म्हणून."

"विचारू देत. तुम्ही करा."

फ्रेम घेऊन गेले तेव्हा अव्वानं ती मांडीवर घेतली, चष्मा पुसला, आणि बराच वेळ स्वतःकडं बघितलं. "हां," म्हणाली. "ही मी." मग कानडीत, "साकु." म्हणजे बास, आणखी काही नको. तिनं फ्रेम जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. धाकटीनं दिलेला फोटो कपाटावर होता, तो तिला परत दिला. "ह्यो तुझ्याकडं असू दे." धाकटीनं तो पिशवीत घातला. त्या रात्री नवऱ्याला मी हे इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

दोन-तीन पावसाळे गेले आणि अव्वा गेली. फार त्रास काढला नाही. ट्रंक उघडली, लुगडं सोडलं, फोटो वर लागला, अप्पांच्या शेजारी. पाहुणे यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, काय फोटो हाय, आता बोलंल असं वाटतंय. कुणी काढला? आणि धाकटी प्रत्येकाला सांगायची, "अक्कानं काढलाय."

कार्य उरकलं, पाहुणे पांगले. सोप्यात आम्ही दोघीच उरलो. धाकटी फोटोखाली उभी होती. डोळे सुजलेले.

"अक्का," ती म्हणाली, "खरं सांगू? ह्या फोटोवर मी लई जळले."

मी सतरंजीची घडी घालायला लागले.

"रोजची भाकरी मी दिली. गोळ्या मी दिल्या. उशाला मी बसले. आणि कॅमेरा सोडून अशी बघून हसली ती तुझ्याकडं. माझ्याकडं अशी एकदा तर बघितली असती की गं."

"तुझ्या लग्नाच्या अल्बमात..."

"त्ये सोड. फोटोवाला 'बघा' म्हणाला की सगळ्या आया बघत्यात तसं. ह्ये तसलं न्हाय."

अगदी तोंडापर्यंत आलं होतं. अगं, त्या दिवशी तू कुठं उभी होतीस आठव. चष्म्याचा स्क्रू कुणी बसवला आठव. एवढं म्हटलं असतं तरी बास होतं, तिचं सगळं रडू थांबलं असतं. नाही म्हटलं. अजून म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. तिच्याकडं अख्खा अल्बम आहे. माझ्याकडं एवढंच आहे, की धाकटीला वाटतं अव्वा माझ्याकडं बघून हसली.

तिनं डोळे पुसले आणि स्टूल ओढून वर चढली. हार एका बाजूला कलला होता, तो सरळ करायला लागली. दोरा खिळ्यात अडकेना. मान वाकडी, दोन्ही हात वर, जिभेचं टोक बाहेर.

"जीभ आत घे," मी म्हणाले. "माशी बसंल."